अलिबाग ते गुहागर सागरी रस्ता: प्राणी-पक्षी बघायला कुठली वेळ बरी?

गाडीवान_ठाणे
फेब्रुवारीअखेर आईबाबा, बायको आणि मुलगा असे सगळे गाडीने अलिबाग-मुरुड-दापोली करत गुहागरपर्यंत जातोय. मुलाला प्राण्यांचं वेड आहे, बाबांचे गुडघे गेलेत त्यामुळे चालणं फारसं नाही, तर मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात किती वाजता जावं आणि बाकी वाटेत गाडीतूनच काय दिसेल? ११ ते ४ मोकळे आहोत.

मुरुडकर
११ ते ४ मध्ये माकडं दिसतील दादा 😄 ताडोबासारखं जिप्सीत बसलो की समोर प्राणी, असं डोक्यात ठेवून येऊ नका. फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं जुनं शिकारीचं रान, १९८६ ला अभयारण्य झालं, झाडी इतकी दाट की चालत्या गाडीतून नुसता हिरवा पडदा दिसतो. उजाडताना पोचा, गाडी बंद करा, काचा खाली आणि पोरासकट गप्प बसा. शेकरू आधी ऐकू येतं, मग फांदी हलते, मग ती लांब शेपटी. भेकर, सांबर हवं असेल तर पुन्हा सूर्य कलल्यावर. गेट कधी उघडतं ते आदल्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या.

रानवाट
प्राणीच बघायचे तर मे मध्ये या ना, पानगळ झालेली असते, पाणी आटतं, सगळे पाणवठ्यावर येतात. वनखातं बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून गणती करतं ते उगाच नाही.

खाडीकाठ
मे च्या उकाड्यात म्हातारी माणसं घेऊन? काहीही. शिवाय तोवर थंडीतले पाहुणे पक्षी परत गेलेले असतात. दादा तुम्ही फेब्रुवारीच ठेवा, फक्त खाडीला घड्याळ बघून जाऊ नका, पंचांग बघा. शुक्ल असो की कृष्ण, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे ६ ला भरती आणि १२ च्या आसपास ओहोटी, भर उन्हात. पौर्णिमा-अमावस्येला उलट, ओहोटी सकाळ-संध्याकाळी साधारण ६ ला. तेव्हा चिखल उघडा पडतो, बगळे आणि चिखलातले पक्षी खायला उतरतात आणि उजेडही छान असतो. पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला लावून बसल्या जागी दिसतं, बाबांना उतरायलाही नको.

गाडीवान_ठाणे
हे पाऊणकीचं भारीच! आमचा मुक्काम पौर्णिमेच्या जवळच येतोय. वेळासच्या किनाऱ्यावरची कासवाची पिल्लं बघायला मिळतील का तेव्हा?

मंडणगडची_पोर
मिळतील की नाही ते अंड्यांवर आहे हो, घरटं केल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं निघतात, तारीख कोण देणार? फेब्रुवारीअखेर सुरुवात असते, मार्चमध्ये चान्स जास्त. समुद्रात सोडतात सकाळी ७ आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास, त्यामुळे वेळासलाच राहा म्हणजे दोन्ही वेळा मिळतात. निघायच्या आधी गावात फोन करून विचारा. फ्लॅश अजिबात नको. किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं, बाबांना काठी असू दे.

मुरुडकर
आणि हर्णैला होड्या येतात तेव्हा बंदरावर थांबा, माशांवर ब्राह्मणी घारी आणि कुरव तुटून पडतात. पोराला वाट बघायला लावायची गरज नाही तिथे.

गाडीवान_ठाणे
मस्त. मग फणसाड पहाटे, दुपारी जेवून झोप, खाडी संध्याकाळी. बायको विचारतेय खरेदी कधी 🙈

खाडीकाठ
भरतीला.