मदत हवी आहे: केळ्याच्या थरांच्या पुडिंगला पाणी सुटतंय, कार्यक्रम उद्या संध्याकाळी

पावसाळी_दुपार (शनिवार, दुपारी २.४०)
कुणी आत्ता वाचत असेल तर लगेच सांगा. उद्या संध्याकाळी सातला आईचा साठावा वाढदिवस, घरचीच पंचवीस माणसं. केळ्याचं थरांचं पुडिंग करायचंय, ओव्हन न लावता, मध्ये कॅरॅमल केलेली केळी. काल रात्री काचेच्या भांड्यात करून बघितलं. दहा वाजता सुरेख दिसत होतं, पिवळा थर, तपकिरी थर, वर पांढरा. सकाळी फ्रीज उघडला तर तळाला बोटभर तपकिरी पाणी, बिस्किटांचा लगदा आणि केळी त्यात तरंगताहेत. काय चुकलं? रेसिपीत होतं तसंच सगळं केलं होतं.

चुलीपुढची (२.५२)
कुठली रेसिपी? दूध किती, कस्टर्ड पावडर किती, बिस्किटं कोणती, क्रीम कोणतं? "तसंच सगळं" म्हटल्यावर आम्ही काय ओळखायचं?

पावसाळी_दुपार (२.५८)
एक लिटर दूध, चार चमचे कस्टर्ड पावडर, गोड नेहमीसारखं, बिस्किटांचे दोन पुडे, क्रीमचं एक पाकीट, सहा केळी. यात वेगळं काय असणार? पाणी कुठून आलं तेवढं सांगा.

तवा_आणि_मी (३.०५)
जिलेटिन घाला, विषय संपला. दोन चमचे थंड पाण्यात भिजवायचं, वितळवून कोमट कस्टर्डात मिसळायचं. मी चार वर्षं असंच करतोय. सुरीने वडी कापावी तसं कापलं जातं.

पावसाळी_दुपार (३.०९)
आई माळकरी आहे हो. जिलेटिन चालणार नाही, अंडंही नाही.

चुलीपुढची (३.१२)
हे आधी सांगायला हवं होतं, ताई. कस्टर्ड पावडर घाबरू नका, वापरा. ती म्हणजे मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास, अंडं नसतंच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये ती केलीच मुळी बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. आता हे सांगा, चार चमचे म्हणजे कुठले? चहाचे की पोह्याचे?

पावसाळी_दुपार (३.१५)
चहाचे. चमचा म्हणजे चहाचाच ना?

चुलीपुढची (३.२१)
झालं, निम्मं उत्तर इथंच आहे. पोह्याचा चमचा चहाच्या चमच्याच्या तिप्पट असतो. तुम्ही केलंय ते वाटीत ओतून प्यायचं कस्टर्ड. थर उभे राहायला लिटरला सहा-सात पोह्याचे चमचे लागतात. आणि दूध घट्ट झालं की लगेच गॅस बंद करू नका. भांड्याच्या मधोमध मोठे बुडबुडे फुटायला लागले की मंद आचेवर पुढं दोन मिनिटं ढवळत राहा. मक्याच्या पिठाचे कण पूर्ण फुगायला उकळीच्या जवळची उष्णता लागते. कच्चं राहिलं तर रात्री घट्ट वाटतं आणि सकाळी पाणी सोडतं. चव बघितलेला चमचा परत भांड्यात घालत असाल तर तेही बंद करा. लाळेनं पीठ पातळ होतं, हे मी माझ्या हातानं दोनदा अनुभवलंय.

काकूंचा_डबा (३.३०)
माझं ऐकशील तर हे सगळं सोड. साठावा वाढदिवस आहे, सकाळी नृसिंहवाडीला जा, दत्ताचं दर्शन घे आणि येताना बासुंदी आण. पंचवीस माणसांना तीन लिटर पुरेल. वरून केळ्याच्या चकत्या टाक. माळकरी माणसाला याहून गोड काय हवं?

उंबरठा (३.३६)
काकू, बासुंदीत केळं? दूध आणि केळं हा आयुर्वेदात विरुद्धाहार मानतात. पुडिंगमध्येही तेच होतंय. साठीच्या माणसाला देताना विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

काकूंचा_डबा (३.४१)
मग शिकरण काय आहे? माझ्या सासऱ्यांनी नव्वदीपर्यंत रोज रात्री पोळीबरोबर शिकरण खाल्लं.

उंबरठा (३.४४)
एका माणसावरून नियम ठरत नाही, काकू.

पावसाळी_दुपार (३.४७)
कृपा करून शिकरणाचा वेगळा धागा काढा. आईनं टीव्हीवर हे पुडिंग बघून दोनदा "असलं एकदा खायचंय" असं म्हटलंय. आयुष्यभर तिनं आमच्या आवडीचं केलं, स्वतःसाठी काही मागितलं ते हे पहिल्यांदा. मला तेच करायचंय.

दूरदेशी (४.१०)
मी अमेरिकेतल्या जॉर्जियात राहते, इकडं दक्षिणेत बनाना पुडिंग घरोघरी असतं. व्हॅनिला वेफर नावाची गोल, कोरडी बिस्किटं, मग कस्टर्ड, केळी, परत तेच. जुन्या पद्धतीत वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस घालून भट्टीत भाजतात, सोप्या पद्धतीत नुसतं थंड करतात. बिस्किटं मऊच व्हायला हवीत, तीच त्याची मजा. मात्र दुधात बुडवायची नसतात. तुम्ही बुडवलीत का?

पावसाळी_दुपार (४.१४)
हो, ग्लुकोजची होती, चहात बुडवतो तशी दुधात बुडवून लावली. म्हणून लगदा झाला का?

दूरदेशी (४.१९)
हो. कोरडी लावा, कोमट कस्टर्ड वरून पडलं की ती स्वतःच पितात. मारी घेतली तर अजून बरं, कमी विरघळते. पण बोटभर पाणी एवढ्यानं येत नाही. कॅरॅमल कसं केलंत ते कुणी विचारलंच नाही.

पावसाळी_दुपार (४.२३)
कढईत तूप, त्यात एक वाटी घातलं, विरघळलं की केळ्याच्या चकत्या टाकल्या, पाचेक मिनिटं परतलं. रंग फार छान आला होता. तसंच गरम कस्टर्डावर ओतलं, कारण उशीर होत होता.

चुलीपुढची (४.२६)
एक वाटी काय घातलं? साखर ना?

पावसाळी_दुपार (४.२८)
गूळ! आईच्या माहेरचं गुऱ्हाळ आहे आमचं, घरात तीस किलोचा रवा उघडलेला असतो, साखर फक्त चहाला आणतो. गोड म्हटलं की गूळच, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

डोंबिवली_लोकल (४.३५)
तीस किलो रवा? पुडिंगमध्ये रवा घातला असेल तर तो पाणी पितो, सोडत नाही. मग पाणी कुठून आलं?

गुऱ्हाळाची_वाट (४.४०)
रवा म्हणजे गुळाची ढेप. कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात तीस किलोचा रवा असंच म्हणतात. खायचा रवा न्हवं.
ताई, आता नीट ऐका. मी पंधरा हंगाम चुलाणावर काढलेत. आषाढात तुमच्या घरी रवा उघडा ठेवला तर काय होतं? पाझरतो. खालचं पोतं ओलं होतं, बोट लावलं तर चिकट पाणी लागतं. तुमच्या काचेच्या भांड्यात तेच झालंय. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. फ्रीजमधली ओल, केळ्यातलं पाणी, कस्टर्डातलं पाणी, सगळं ओढून तो रात्रभर पाझरत राहिला. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मला त्याचा अभिमान आहे, पण थरांच्या मधोमध ठेवायची ही वस्तू नाही.

तवा_आणि_मी (४.५१)
पटत नाही. न्यू ऑर्लिन्सला ब्रेनन्स हॉटेलात १९५१ पासून बनाना फॉस्टर हा केळ्याचा गोड पदार्थ करतात, त्यात ब्राऊन शुगर आणि लोणी असतं. ब्राऊन शुगरमध्ये मळी असतेच. तिथं चालतं तर गूळ का चालू नये?

दूरदेशी (४.५८)
तिथं ते लगेच वाढतात, आइसक्रीमवर गरम गरम. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतच नाहीत. साखरेचं कॅरॅमलही फ्रीजमध्ये ओल धरतं, फक्त त्यात तुम्हाला वेळ मिळतो.

गुऱ्हाळाची_वाट (५.०४)
बरोबर. आणि गूळ गरम असताना दुधाला लागला तर दूध नासतं, हे गुळाचा चहा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ताई, कस्टर्डात बारीक कण दिसले का?

पावसाळी_दुपार (५.०७)
दिसले! मला वाटलं गुठळ्या राहिल्या. मग आता काय करू? गूळ पूर्ण सोडायचा? आईला गुळाची चव लागते, शिवाय तिच्या माहेरचा गूळ आहे.

चुलीपुढची (५.२०)
उद्यापुरती साखर घ्या. जाड बुडाची कढई, पाऊण वाटी साखर कोरडीच, मंद आच, चमचा घालायचा नाही, कढई नुसती हलवायची. मधाच्या रंगावर आली की दोन चमचे लोणी आणि चिमूटभर मीठ. केळी चकत्या करून नाही, उभी दोन भाग करून. एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला अर्धा मिनिट, बास. पाच मिनिटं परतलीत म्हणजे तुम्ही केळ्याचं रायतं केलंत. मग पिठाच्या चाळणीत ठेवा, खाली ताटली. जो पाक खाली गळेल तो थरात घालायचा नाही. पूर्ण गार झाल्यावरच लावा, हाताला कोमटसुद्धा लागता कामा नये.

रंकाळ्याचा_वारा (५.३१)
केळी कुठली घेताय? वेलची केळी या कामाला नको, लगेच मऊ पडतात. लांब केळी घ्या, साल पिवळी, ठिपके नुकते आलेले, देठ अजून हिरवट. काळी पडलेली केळी कढईत टाकली की लापशी होते. आज कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मिळतील, पण सातच्या आत जा, पाऊस आला की गाड्या आवरतात.

तवा_आणि_मी (५.३५)
घाई असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, तासात सेट.

चुलीपुढची (५.३७)
मुळीच नको! मक्याच्या पिठाचं कस्टर्ड गोठून परत वितळलं की स्पंजसारखं पिळून पाणी सोडतं. तवेदादा, तुमचं जिलेटिन चालत असेल, हे चालणार नाही.

तवा_आणि_मी (५.४४)
बरं, फ्रीजरचं मागे घेतो. पण चायना ग्रास घालता येईल, तो समुद्री शेवाळापासून होतो, माळकऱ्यांना चालेल.

चुलीपुढची (५.४८)
चालेल, पण त्यानं जेली होते, पुडिंगचा मऊपणा जातो. कस्टर्ड नीट शिजवलं तर गरज नाही.

माळावरची (६.०२)
हे उपवासाला चालेल का? सोमवारी करायचा विचार आहे.

चुलीपुढची (६.०५)
मक्याचं पीठ आणि बिस्किटं दोन्ही आली, नाही चालणार. साबुदाण्याची खीर करा.

पावसाळी_दुपार (६.१०)
केळी आणायला निघालेय. क्रीमचं राहिलं. पाकिटातलं अर्धा तास फेटलं, घट्ट झालंच नाही, तसंच ओतलं.

दूरदेशी (६.१६)
छोट्या पाकिटातलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचं असतं, ते भाजीत घालायला. फेटून फुगायला तीस-पस्तीस टक्के लागतात. व्हिपिंग क्रीम असं लिहिलेलं घ्या, पातेलं आणि रवी दोन्ही तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

काकूंचा_डबा (६.२५)
किंवा चक्का घे गं. डेअरीत मिळतो, पिठीसाखर घालून फेस, वर पसर. हलत नाही, गळत नाही, आणि आंबटपणानं गोड कापलं जातं. बासुंदी नको म्हणालीस, हे तरी ऐक.

पावसाळी_दुपार (६.२८)
काकू, हे ऐकते. चक्का घेते.

गुऱ्हाळाची_वाट (६.४०)
आणि गुळाच्या चवीसाठी काकवी. माहेरी असेलच. एका बुडकुलीत काढून टेबलावर ठेवा, वाढताना ज्याच्या त्याच्या वाटीत वरून धार सोडा. थरांच्या आत नाही. पाझरायला वेळच मिळणार नाही.

पावसाळी_दुपार (रात्री ११.२०)
आत्ता एका वाटीत परत करून बघितलं. साखरेचं कॅरॅमल पहिल्यांदा करपलं, तंबाखूसारखा वास आला, टाकून दिलं. दुसऱ्यांदा जमलं. केळी चाळणीत ठेवली तर ताटलीत चार चमचे पाक जमला. हा सगळा काल भांड्यात होता म्हणायचा. कस्टर्डाला सात पोह्याचे चमचे, बुडबुडे आल्यावर घड्याळ लावून दोन मिनिटं. कोमट असतानाच मारीवर ओतलं. सकाळी बघते.

चुलीपुढची (११.२६)
कस्टर्डाच्या वर लगेच झाकण नको, वाफेचं पाणी परत आत पडतं. गार झाल्यावर झाका.

पावसाळी_दुपार (रविवार, सकाळी ६.५०)
वाटी तिरकी करून बघितली. तळ कोरडा! चमचा उभा राहतो. मारीची कड अजून थोडी जाणवते, मधला भाग केकसारखा झालाय. आता मोठं भांडं लावायला घेतलंय, अडीच लिटर दुधाचं.

पावसाळी_दुपार (रविवार, रात्री १०.४५)
फोटो टाकता येईना, म्हणून लिहिते. काचेच्या भांड्यात पाच थर शेवटपर्यंत वेगळे दिसले. आईनं पहिली वाटी घेतली, वरचा चक्का बाजूला सारून आधी केळं शोधून खाल्लं, मग मामानं गुऱ्हाळावरून आणलेली काकवी वरून घातली. दुसरी वाटी तिनं स्वतः वाढून घेतली. एरवी ती सगळ्यांचं झाल्याशिवाय घेत नाही. चुलीपुढची ताई, गुऱ्हाळदादा, काकू, दूरदेशी, तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार.

गुऱ्हाळाची_वाट (१०.५८)
आईंना साठीच्या शुभेच्छा. उरलेली काकवी बरणीचं झाकण घट्ट लावून ठेवा, मुंग्या लागतात.

माळावरची (११.१५)
चक्का किती घेतला पंचवीस जणांना?

पावसाळी_दुपार (११.१८)
सव्वा किलो. थोडा उरला.