विषय: १९६६ ची मस्टँग घ्यावी का?

नमस्कार मंडळी,
आमचे शेजारी त्यांची १९६६ ची फोर्ड मस्टँग विकतायत. २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, किल्ली फिरवली की लगेच सुरू होतं. मी मोहात पडले आहे. डेट्रॉइटकडे कुणी अशी गाडी सांभाळली आहे का? काय काय बघून घेऊ?

---

ताई, नमस्कार.
इंजिनावर भाळू नका. २८९ साधं आणि दणकट आहे, सुटे भाग आजही नवे मिळतात. बघायचा तो पत्रा.

समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे हवेची जाळी आहे. तिच्याखालचा भाग, म्हणजे काउल, आतून कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. जाळीवर बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली बघायला सांगा. पाणी पुढच्या चाकांमागून जमिनीवर पडायला हवं. पायाशी थेंब आला की समजा, गंजानं भोक पाडलंय. माझ्या गाडीचं कार्पेट ओलं व्हायचं. गॅरेजवाल्यानं काचेचं रबर बदललं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. खरं कारण कळेपर्यंत खालचा फ्लोअरही गेला होता. काउल बदलायचा तर काच आणि फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) उतरवून एकेक स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारा वेल्डिंगचा ठिपका, सोडवावा लागतो.

दुसरं, ब्रेक. १९६६ पर्यंत मस्टँगचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच कप्प्याचा होता. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दोन कप्पे आले. बाकी सगळं मूळचं ठेवा, पण मुलांना बसवायच्या आधी एवढं बदलाच.

इंजिन ऑइल जस्त जास्त असलेलं घ्या, कॅमशाफ्टला (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला) ते लागतं. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते, झेंडूचा हार घालतो. मग हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायच्या आत टाकी भरून, पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून ती गॅरेजमध्ये. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं.

मिशिगनची जुन्या गाड्यांसाठीची हिस्टॉरिक नंबरप्लेट घेतलीत तर रोज चालवता येणार नाही. मेळावे, प्रदर्शनं चालतात, आणि ऑगस्टमध्ये महिनाभर मुभा. वुडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्राही ऑगस्टातच असते, तेव्हा या!

---

काका, काल पाणी ओतलं. डावीकडे कोरडं, उजवीकडे टपटप. शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, बिचारे ओशाळले.

---

ताई, तेवढ्यावरून गाडी सोडू नका. वेल्डिंगच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तेवढी किंमत कमी करून मागा. शनिवारी मी येतो, कार्पेट उचलून फ्लोअर बघू.