‘त्यायले लेकरू कशाले पाहिजे?’

राळेगावकर
परवा इथं एका जाणत्यांनी लिहिलं : "एचआयव्हीवाल्या जोडप्याला मूल झालं म्हणे. सरकारच्या फुकट गोळ्यांवर जगायचं आणि वर ही हौस! हवंच तर दत्तक घ्या." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी बहीण तेरा वर्षांपासून गोळ्या खाते. डबी खुळखुळू नये म्हणून आत घरचाच कापूस कोंबते. नवऱ्याचंही निघालं होतं, पण ‘ऑपरेशन करून टाक’ हे फक्त तिलाच ऐकावं लागलं. नर्सकडून, मग जावेकडून. २०१७ च्या कायद्यानं पॉझिटिव्ह गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. पण घरच्यांच्या टोमण्यांना कुठला कायदा?

उपचार नसले तर शंभरातल्या १५ ते ४५ लेकरांना आईकडून लागण होते, खरं आहे. गोळ्या नीट चालू असतील, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला असेल, तर तोच आकडा पाचाच्या खाली येतो. भाची चार वर्षांची आहे. अठराव्या महिन्यातली शेवटची तपासणी निगेटिव्ह. आणि दत्तक? पालकाला जीवघेणा आजार नको, असं नियमातच आहे. चौकशीला गेली ती आल्या पावली परत.

जुना मास्तर
पोस्ट माझीच. माझ्या हजेरीपटावरची तीन नावं मी लाल शाईनं कापली आहेत. तिन्ही घरांत आधी बाप गेला, मग आई, मग पोरगं. तुम्हाला टक्के दिसतात, मला ती पोरं.

पऱ्हाटी
कोणत्या सालची गोठ हाय मास्तर? सरकारी गोळ्या २००४ ले आल्या, त्याही मोजक्या मोठ्या दवाखान्यात. अन् आईबाप मरायचंच म्हणता तं २०१७ ले यवतमाळात फवारणीच्या विषानं माणसं मेली. तवा कोणी म्हटलं का, शेतकऱ्यानं लेकरं होऊ देऊ नये?

कापूसकोंड्या
फवारणी कुठून आली इथं? मूळ प्रश्न टाळू नका. राळेगावकर, बहिणीनं अंगावरचं दूध पाजलं का? पाजलं असेल तर हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

आशाताई
दादा, माहिती नसली की विचारावं, निकाल देऊ नये. आईच्या गोळ्या चालू असल्या तर सहा महिने नुसतं तिचंच दूध पाजायला सांगतात. वरचं पाणीसुद्धा नाही. घोळ होतो तो मिसळीनं. इथं तर नाळ पडायच्या आधी आजी गुटी चाटवते! एका घरी मी रोज चक्कर मारायची. सासूला सुनेचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं, यंदा गुटीनं लेकरांना हगवण लागून राहिली. लेकराला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे द्यायचं नेव्हिरापिन होतं, त्याला ‘ताकदीचं औषध’ म्हटलं.

कापूसकोंड्या
म्हणजे खोटं बोलता! ज्या घरात खरं सांगायची सोय नाही, तिथं मूल आणायचं?

आशाताई
खरं सांगितलं असतं तर बाळंतीण माहेरी अन् लेकरू सासूजवळ, डब्याच्या दुधावर. तुम्ही आले असते का समजवायला?

पऱ्हाटी
ताई, बाकी सगळं मान्य, पण गुटीले काऊन नावं ठेवता? माह्या आजीनं सात पोट्टे जायफळ-हळकुंड उगाळूनच वाढोले.

आशाताई
वाढोले सात. झाले किती होते, ते विचारा आजीले.

पऱ्हाटी
आजीवर जायचं काम नाही!!

राळेगावकर
अरे, गुटी सोडा. मास्तर, आपल्या भागात सिकलसेल, तो आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. दोघंही वाहक असले तर प्रत्येक लेकरामागं चारात एक धोका. त्यांना ‘हौस’ म्हणता का?

जुना मास्तर
त्यांनाही लग्नाआधी तपासून घ्या असंच सांगतो, आणि शिव्या खातो. असो. पाच टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. ‘हौस’ शब्द मागे घेतो. आईबापानंतर कोण, हा प्रश्न नाही घेत. भाचीला आशीर्वाद.

राळेगावकर
आईबापानंतर मामा आहे. जूनमध्ये तिला अंगणवाडीत टाकायचं आहे, तिथल्या ग्रुपवर तुमची पोस्ट फिरून राहिली. तेवढी काढा.

जुना मास्तर
काढली.

पऱ्हाटी
आजीले विचारलं. अकरा झाले होते. तरी गुटीनं नाही गेले, देवीनं गेले म्हणते.