२०१८ चा सर्वोत्तम सुपरहिरोपट कोणता आणि सर्वोत्तम अभिनय कोणाचा?

अर्धविराम :

सुपरहिरोपटांसाठी २०१८ इतके भरगच्च वर्ष क्वचितच आले असेल. 'ब्लॅक पँथर', 'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर', 'डेडपूल २', 'इन्क्रेडिबल्स २', 'व्हेनम', 'ॲक्वामॅन' आणि डिसेंबरात 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स', असे सगळे एकाच वर्षात आले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा पहिला सुपरहिरोपट, 'ब्लॅक पँथर', हाही याच वर्षीचा. आता पुरेसा काळ लोटला असल्यामुळे पहिल्या दिवशीच्या शिट्ट्या बाजूला ठेवून निवड करता येईल, असे वाटते.

माझी कसोटी एकच आहे. ज्याने त्या मालिकेतला आधीचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्याच्यापुढे चित्रपट स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. या कसोटीवर 'स्पायडर-व्हर्स' हा ॲनिमेशनपट पहिला येतो. त्यात नुकताच स्पायडर-मॅन झालेला मुलगा माइल्स मोरालेस जंगलातून धडपडत झोके घेतो, तेव्हा सेकंदाच्या चोवीस चौकटींपैकी त्याचे प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रे दिसतात. त्याच्या शेजारचा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर मात्र चोवीस चित्रांच्या सहजतेने हलतो. मुलाचे नवखेपण संवादातून न सांगता हालचालीतच भरून टाकण्याचा हा विचार मला त्या वर्षीच्या कोणत्याही पटकथेपेक्षा मोठा वाटतो. पुढे माइल्स इमारतीवरून उडी मारतो, तेव्हा भीतीने बोटे चिकटून राहिल्यामुळे काच त्याच्याबरोबर तुटून येते आणि कॅमेरा उलटा असल्यामुळे तो खाली न पडता शहराकडे वर जातो आहे, असे दिसते.

अभिनयासाठी माझे मत मायकेल बी. जॉर्डनला. त्याने साकारलेला 'ब्लॅक पँथर'मधला खलनायक किलमाँगर पूर्वजांच्या लोकात जातो, तेव्हा त्याला हिरवे मैदान दिसत नाही, तर ओकलंडमधले वडिलांचे घर दिसते. माझ्यासाठी एक अश्रूही नाही का, असे वडील विचारतात आणि इथे माणसे मरतच असतात, असे तो लहान मुलाच्या रूपात निर्विकारपणे सांगतो. दुसऱ्या क्षणी प्रौढ जॉर्डनच्या डोळ्यांत पाणी असते. त्या एका प्रसंगात पूर्ण भूमिका कळते.

तिसरी घंटा :

आपली कसोटीच मला मान्य नाही. 'इन्फिनिटी वॉर' हा मार्व्हलच्या मालिकेतला एकोणिसावा चित्रपट आहे आणि तो एकोणिसावा असणे हेच त्याचे सामर्थ्य आहे. दहा वर्षांत उभी केलेली डझनावारी पात्रे, त्यांचे वेगवेगळे सूर आणि आपापसातील जुनी भांडणे अडीच तासांत सांभाळायची आणि तरीही कथेची सूत्रे खलनायकाच्या हाती द्यायची, हे काम स्वतंत्र चित्रपट करण्यापेक्षा अवघड आहे. नवख्या प्रेक्षकाला समजत नाही म्हणून ते कमी दर्जाचे ठरवायचे असेल, तर कादंबरीचा शेवटचा खंडही आपल्याला नापासच करावा लागेल.

अभिनयातही माझे मत जॉश ब्रोलिनला आहे. 'इन्फिनिटी वॉर'चा जांभळा खलनायक थॅनॉस याचे शरीर संगणकाने घडवले असले तरी चेहऱ्याची हालचाल ब्रोलिनची आहे. आपली मानसकन्या गमोरा हिला कड्यावरून ढकलण्यापूर्वी तो वळतो, तेव्हा त्याचे दुःख खरे असते आणि म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो. जांभळ्या रंगाखाली अभिनेता दिसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा पाहावा.

मुक्काम पोस्ट :

गमोराच्या प्रसंगाबद्दल तिसरी घंटा यांच्याशी मी सहमत आहे. शेवटाबद्दल मात्र मुळीच नाही. विश्वातले अर्धे जीव संपवणारी थॅनॉसची चुटकी वाजते आणि टी'चाला, म्हणजेच ब्लॅक पँथर, धूळ होऊन उडून जातो, तेव्हा त्याच्या नावाचा चित्रपट दोनच महिन्यांपूर्वी एक अब्जाहून अधिक डॉलर कमावून गेला होता, हे चित्रपटगृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तो परत येणार हे माहीत असताना त्याच्या मरणाचे दुःख करायचे तरी कसे?

मला बोलायचे आहे ते टी'चाला साकारणाऱ्या चॅडविक बोसमनविषयी. किलमाँगरला टाळ्या मिळाल्या, कारण खलनायकाला टाळ्यांची वाक्ये मिळतात आणि रागाचे कारणही मिळते. आपल्या रंगभूमीवरही हे नवीन नाही. नायकाला मात्र ऐकून घ्यायचे असते, आणि पडद्यावर ऐकून घेण्याइतके अवघड काही नाही. बोसमनचा टी'चाला सिंहासनावर बसूनही संकोचलेला आहे. वडिलांनी आपल्याच भावाला मारून त्याच्या मुलाला मागे सोडले, हे कळल्यावर तो पूर्वजांच्या लोकात जाऊन त्यांना, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या राजांना, तुम्ही चुकलात असे सुनावतो. तोवर राखलेला आवाज त्याने त्या एकाच ठिकाणी सोडला आहे. वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा युरोपीय उच्चारांत बोलणार नाही, हा आग्रहही त्याचाच होता. तो २०१६ पासून कर्करोगाशी झगडत होता, हे आपल्याला २०२० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर कळले. पण माझे मत त्या सहानुभूतीवर उभे नाही. अर्धविराम यांनी सांगितलेला अश्रूंचा प्रसंग उत्तमच आहे, परंतु बाकीच्या चित्रपटात जॉर्डन बऱ्याचदा एकाच पट्टीत बोलतो.

(जाता जाता : डोंगरातली जबारी जमात चित्रपटात हनुमानाचा जयजयकार करते, भारतातल्या प्रतीत तो शब्द मूक करण्यात आला होता. त्या जमातीचा प्रमुख एम'बाकू झालेल्या विन्स्टन ड्यूकचे हे नुकसान कोणत्याही यादीत आलेले नाही.)

चिंचोळी गल्ली :

सर्वोत्तम अभिनय सर्वोत्तम चित्रपटातच शोधण्याची ही सवय कशासाठी? 'व्हेनम' हा सुमार चित्रपट आहे, याबद्दल वाद नसावा. तरीही घामाघूम होऊन उपाहारगृहातल्या लॉबस्टरच्या टाकीत जाऊन बसणारा टॉम हार्डी त्या वर्षी सर्वांत जास्त जोखीम घेणारा नट होता. माझे मत त्याला.

अर्धविराम :

'व्हेनम'चा उल्लेख मी केवळ यादी पूर्ण करण्यासाठी केला होता, त्याला मत मिळेल असे वाटले नव्हते. जोखीम आणि अभिनय यांत मात्र मी फरक करतो.

तिसरी घंटा यांचा शेवटच्या खंडाचा युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु शेवटच्या खंडात निदान शेवट असतो, आणि 'इन्फिनिटी वॉर' पुढच्या वर्षीच्या तिकिटावर उभा आहे. बोसमनबद्दल सांगायचे तर, तो संयम मलाही दिसतो. पण दिग्दर्शक रायन कूगलर यांनी मधल्या भागात कथा त्याच्या हातातून काढून घेतली आहे आणि शेवटची झुंज गुळगुळीत संगणकी आकृत्यांच्या स्वाधीन केली आहे. तेथे दोन्ही नट हरवतात. त्यानंतर सूर्यास्त पाहत मरणारा जॉर्डन तरी परत मिळतो.

तिसरी घंटा :

संगणकी आकृती झुंजीत आली की नट हरवतो आणि माइल्स मात्र पूर्णपणे रेखाटलेला असूनही आपल्याला जिवंत वाटतो, हे कसे? मग त्याच्या अभिनयाचे श्रेय कोणाला द्यायचे? आवाज शमिक मूरचा आहे आणि हालचाल चित्रकारांची. माझ्या मते त्या चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग माइल्सच्या वडिलांचा आहे. ब्रायन टायरी हेन्रीच्या आवाजातला तो पोलीस बंद दाराबाहेर उभा राहून मुलाशी बोलतो, आत तोंडावर जाळे बसलेला मुलगा उत्तर देऊ शकत नाही आणि बापाला वाटते की, मुलाला बोलायचेच नाही. आपण 'स्पायडर-व्हर्स' सर्वोत्तम ठरवता आणि अभिनयाचे मत मात्र दुसरीकडे नेता, यावरून रेखाटलेल्या चेहऱ्याला आपण अजून नट मानत नाही, असेच मला दिसते. ब्रोलिनच्या थॅनॉसला नकारही त्यातूनच येतो. आवाज देणारा आणि रेखाटणारे अशा सर्वांचा मिळून एक अभिनय धरला, तर या वर्षीचे माझे दुसरे मत त्या दाराबाहेरच्या बापाला आहे.