विभागप्रमुखांचं नाव आणि खाजनातला शेतकरी

'संशोधनाच्या पेपरवर विभागप्रमुखांचं नाव लेखक म्हणून घालायची रीतच आहे, त्यात एवढं काय?' असं एकानं विचारलंय. मला हे अजिबात पटत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे, आयसीएमजेईचे, लेखकत्वासाठी चार निकष आहेत. नुसता निधी मिळवला किंवा देखरेख केली तर ऋणनिर्देश, लेखकत्व नाही. २०१३ साली आलेला चौथा निकष तर स्पष्टच आहे: कामाच्या कुठल्याही भागाबद्दल शंका आली, तर तिची तड लावायला प्रत्येक लेखक बांधील. ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचा, लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा आणि पुढे खोटा ठरलेला पेपर आठवा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली छापून आला, लेखक १३. त्यातल्या १० जणांनी निष्कर्षातून अंग काढून घेतलं ते २००४ मध्ये! तोवर घराघरांत भीती पोचली होती.

आणि आपल्या गोव्यातलं सांगायचं तर, खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, कोरगुटावर (खारं पाणी सोसणाऱ्या भातावर) अभ्यास होतात. मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची) दारं कधी लावायची, खारं पाणी आधी कुठल्या कोपऱ्यात चढतं, हे शेतकरीच बांधावर उभा राहून दाखवतो. त्याचा उल्लेख ऋणनिर्देशात तरी हवा. शिवाय निष्कर्षांचं एक पान मराठी-कोंकणीत करून गावच्या शेतकऱ्यांच्या सभेत वाचावं, तेही पुढच्या पेरणीआधी.