मदत हवी आहे : वारा डावीकडून येतो आणि गोळ्याही डावीकडेच जातात (२५ मीटर पिस्तूल)

नमस्कार. मी तीन वर्षे १० मीटर एअर पिस्तूल करत होते आणि गेल्या हिवाळ्यापासून .२२ स्पोर्ट पिस्तुलाकडे वळले आहे. १० मीटरची नेमबाजी बंद हॉलमध्ये होत असल्यामुळे वारा हा विषय मला कधी अभ्यासावा लागला नव्हता. आमची २५ मीटरची रेंज मात्र गावाबाहेर माळावर आहे. उभे राहण्याच्या जागेवर पत्रा आहे, लक्ष्यांवर पत्रा आहे आणि मधला भाग उघडा आहे. रेंजचे तोंड उत्तरेला असल्यामुळे जून लागला की पश्चिमेचा वारा थेट डाव्या हाताकडून येतो आणि तो एकसारखा न वाहता झोताझोताने येतो.

अडचण अशी की, अशा दिवशी प्रिसिजनच्या (स्पर्धेचा सावकाश नेम धरण्याचा भाग) ३० गोळ्यांत माझे पंधरा-वीस गुण सहज कमी होतात. वाऱ्याने गोळी उजवीकडे ढकलली जाईल अशी माझी अपेक्षा होती, परंतु माझा ग्रुप (लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) डावीकडे सरकतो, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडेच. ग्रुप नुसता सरकत नाही, तर आडवा पसरतोही. वर-खाली फारसा फरक पडत नाही. आमच्या प्रशिक्षकांनी साइटला (पिस्तुलावरच्या नेम धरण्याच्या खुणेला) उजवीकडे दोन क्लिक, म्हणजे तिच्या स्क्रूचे दोन टप्पे, देण्यास सांगितले. आमच्या पिस्तुलाचा एक क्लिक २५ मीटरवर साधारण एक सेंटिमीटर भरतो. त्यानंतरच्या पाच गोळ्यांच्या सिरीजमध्ये तीन गोळ्या मध्यभागी आणि दोन चांगल्याच उजवीकडे लागल्या. (पिस्तूल क्लबचे असल्यामुळे ते दोन क्लिक परत घ्यायला मी विसरले आणि पुढच्या नेमबाजाची बोलणी खाल्ली, हे वेगळे.)

मी घरी हिशेबही करून पाहिला. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर धरला, तर २५ मीटर जायला तिला ०.०९ सेकंद लागतो. वारा सेकंदाला ४ मीटर धरून गुणाकार केला, तेव्हा ३६ सेंटिमीटर उत्तर आले. लक्ष्याच्या सर्वांत बाहेरच्या, एक गुणाच्या वर्तुळाचा व्यासच ५० सेंटिमीटर असतो. या हिशेबाने मध्यावर धरलेली प्रत्येक गोळी लक्ष्याबाहेर जायला हवी होती, त्यामुळे माझे काहीतरी चुकते आहे एवढे मला कळले. जाणकारांनी कृपया सांगावे : वारा २५ मीटरवर गोळीला खरोखर किती हलवतो, गोळ्या उलट दिशेला का जातात, आणि क्लिक द्यावेत की नाही?

प्रतिसाद १

ताई, आपला हिशेब एकाच ठिकाणी चुकला आहे. गोळी वाऱ्यावर तरंगणाऱ्या पिसासारखी वाऱ्याच्या वेगाने आडवी जात नाही. हवेच्या विरोधामुळे गोळी जेवढी उशिरा पोहोचते, तेवढ्याच उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणायचे असते. निर्वात पोकळीत आपल्या गोळीला ०.०८९३ सेकंद लागला असता, हवेत तो साधारण ०.०९ लागतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. त्याला ४ ने गुणा, म्हणजे उत्तर तीन-चार मिलिमीटर येईल. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर आणि इनर टेनचा (त्याच्या आतल्या छोट्या वर्तुळाचा) २५ मिलिमीटर असतो. तीन-चार मिलिमीटरने अगदी काठावरची एखादी गोळी इकडची तिकडे होईल, एवढेच.

आता दुसरी बाजू पाहा. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. म्हणजे पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एक दशांश मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी २५ मीटरवर गोळी ११ मिलिमीटर सरकते. हा वाऱ्याने गोळीला दिलेल्या धक्क्याच्या तिप्पट आकडा आहे, आणि सरळ ताणलेल्या हातावर झोत आदळला की एक दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. गोळी २.६ ग्रॅमची असते आणि हवेत क्षणभर असते. आपला हात मात्र प्रत्येक फैरीला आठ-दहा सेकंद वाऱ्यात उभा असतो. माझ्या ढोबळ अंदाजाने ४ मीटरचा वारा हात आणि पिस्तूल मिळून पाऊणशे ग्रॅमच्या आसपास दाब देतो. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८ मीटरच्या झोतात तो तीनशे ग्रॅमपर्यंत जातो.

आपल्या उलट दिशेचे उत्तरही इथेच आहे. आपण उजव्या हाताने नेम धरत असाल, तर आपले तोंड साधारण पश्चिमेला असणार, म्हणजे झोत छातीवर येतो. शरीर नकळत पुढे, वाऱ्यावर रेलते आणि खांदा हाताला डावीकडे धरून ठेवतो. ट्रिगरवर दाब वाढत असताना झोत अचानक पडला (ओसरला), की आधार काढून घेतल्यासारखा हात डावीकडे जातो. माझी खात्री आहे की आपल्या डावीकडच्या गोळ्या झोतात नव्हे, तर झोत संपताना सुटलेल्या आहेत. क्लिक दिल्यावर उरलेल्या दोन उजवीकडे गेल्या, कारण त्या वेळी हात डावीकडे गेला नाही आणि दोन क्लिक मात्र तसेच राहिले. तेव्हा २५ मीटरवर वाऱ्यासाठी क्लिक देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

मी पूर्वी ५० मीटर फ्री पिस्तूल करत असे (२०१६च्या रिओनंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमधून गेली, याची हळहळ अजून आहे). तिथे गोष्ट निराळी होती. अंतर दुप्पट झाले की गोळीचे सरकणे सुमारे चौपट होते आणि दहाचे वर्तुळ मात्र तेवढेच, ५० मिलिमीटरचे. म्हणून ५० मीटरच्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याचे झेंडे लावलेले असतात आणि नेमबाज त्यांच्याकडे सारखा पाहत असतो. तिथे शिकलेली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे : वारा थांबण्याची वाट पाहू नये, तो एकसारखा होण्याची वाट पाहावी. प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात आणि सावकाश नेमबाजी करणाऱ्यालाही त्यातली दीड-दोन मिनिटे उरतात. ती हात खाली घेण्यात खर्च करा. धरून सहा-सात सेकंद झाले आणि झोत बदलला, तर कितीही चांगला नेम दिसत असला तरी हात खाली.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. दोन व्यावहारिक भर घालतो. वाऱ्याच्या दिवशी सैल शर्ट घालू नका. मनगटाशी फडफडणारी बाही मी स्वतः महिनाभर ‘हात थरथरतो’ असे समजत होतो. पायांतले अंतर थोडे वाढवून वजन दोन्ही तळव्यांवर सारखे ठेवा. आणि कोणी जास्त वेगाची काडतुसे वापरा असे सांगितले तर ऐकू नका. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढत असल्याने ती .२२ मध्ये वाऱ्याने उलट जास्तच सरकतात.

सरावासाठी घरी स्वतःच्या एअर पिस्तुलाने, ते रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग (गोळीविना नेम धरून ट्रिगर ओढण्याचा सराव) करा आणि डावीकडे मान फिरवणारा टेबल फॅन लावा. स्थिर पंख्याचा उपयोग नाही. झोत येणे आणि जाणे, हेच शिकायचे आहे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल पुन्हा तसाच वारा होता. एका सहकाऱ्याला शेजारी उभे करून प्रत्येक फैरीच्या वेळी वारा चढता होता, एकसारखा होता की पडता होता, एवढेच लिहून घ्यायला सांगितले. वीस गोळ्यांपैकी सात डावीकडे गेल्या आणि त्यांतल्या पाच पुढे ‘पडता’ असे लिहिलेले आहे. चढत्या वाऱ्यातली एक गोळी मात्र उजवीकडे आठात गेली, तीही आता समजते आहे. साइट मूळ जागी आणली आहे.

एक शंका उरते. रॅपिडमध्ये (स्पर्धेच्या जलद भागात) लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंदच दिसते, मधले सात सेकंद हात ४५ अंशांवर असतो आणि कधी उचलायचा हे माझ्या हाती नसते. तिथे काय करावे?

प्रतिसाद १

तिथे काहीही करू नये. रॅपिडच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. झोत आला तरी हात उचलण्याची लय बदलू नका आणि ट्रिगर घाईने ओढू नका. वाऱ्यात रॅपिडचे जे गुण जातात, ते बहुतेक वेळा त्या घाईतच जातात. सात सेकंदांत खांदा मात्र सैल सोडा. मी अनेकांना त्या वेळातही वाऱ्याशी झुंजत उभे असलेले पाहिले आहे.