मे महिन्याच्या घामात इंट्राकॅथ (शिरेत घातलेली सलाइनची बारीक नळी) टिकत नाही, पट्टी कशी करावी?

लष्करची सिस्टर (ग्वाल्हेर)
आमच्याकडे सध्या पारा ४५ च्या आसपास, वॉर्डात नुसते कूलर. पारदर्शक ड्रेसिंगच्या कडा दुसऱ्याच दिवशी सुटतात, पेशंट कुशीवर वळला की इंट्राकॅथ बाहेर. वरून मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) आणखी चार पट्ट्या माराव्यात का? महागडं फिक्सेशनचं सामान मागून मिळणार नाही.

आयसीयूवाला
ताई, पट्ट्या वाढवून उपयोग नाही. सुटलेल्या कडेवर पट्टी मारली की आतली ओल तशीच राहते. ते ड्रेसिंग बदलायलाच हवं. घट्ट आणि कोरडं असेल तर फिल्म (पारदर्शक ड्रेसिंग) ७ दिवस चालते, गॉज (जाळीदार कापडाचं ड्रेसिंग) २ दिवस.

खरी चूक लावतानाच होते. २ टक्के क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल या जंतुनाशकाने कातडी ३० सेकंद घासा आणि आपोआप वाळू द्या. फुंकर नको, टिपणंही नको. ओल्या कातडीवर फिल्म नुसती बसते, चिकटत नाही. केस क्लिपरने छाटा. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात. फिल्म ताणून लावू नका, ती परत आखडते, कडा उचलते आणि खाली फोड येतात. आधी हबभोवती (इंट्राकॅथचं बाहेर राहणारं टोक) चिमटीने दाबून पोकळी घालवा, मग मधून कडेकडे बोट फिरवा.

आणि नळीचं वजन! थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) थेट हबला लोंबत असेल तर कुठलीही पट्टी हरणारच. मध्ये १० सेंमीचं एक्स्टेंशन (जोडनळी) लावा, त्याचा यू वळसा करून ड्रेसिंगच्या बाहेर वेगळ्या पट्टीने कातडीला चिकटवा. हिसका बसला तर तो त्या पट्टीवर जातो, इंट्राकॅथवर नाही. जागा मनगट किंवा कोपराच्या सांध्यावर नको, दोन्हींच्या मधली सपाट शीर शोधा.

लष्करची सिस्टर (ग्वाल्हेर)
वळसा करून बघते. पण भ्रमातले आजोबा आणि लहान मुलं? ती तर उपटूनच काढतात.

बालवॉर्ड, इंदूर
आजोबांची नळी हाताच्या मागच्या बाजूने खांद्याकडे न्या आणि वर जाळीची सैल बाही चढवा. दिसली नाही की हात तिकडे कमी जातो. हात बांधू नका, बांधलेला माणूस जास्तच धडपडतो.

मुलांना गादी लावलेला स्प्लिंट (हात सरळ ठेवणारी फळी), बोटांची टोकं उघडी. कातडीवर येणाऱ्या भागात पट्टीला उलटी पट्टी चिकटवली की काढताना रडारड कमी. हातभर गोल गुंडाळू मात्र नका: सूज आली की आवळतं, आणि औषध शिरेबाहेर जातंय हे कुणाला दिसतच नाही. मुलांमध्ये दर तासाला जागा बघा, शुद्धीतल्या मोठ्यांमध्ये ४ तासांनी चालतं.

आयसीयूवाला
एक राहिलं. अर्धवट सरकलेली कॅन्युला (म्हणजे इंट्राकॅथच) परत आत ढकलायची नाही, नवीन जागा बघायची. नॉरअ‍ॅड (रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन) किंवा कॅल्शियम चालू असताना सूज दिसली तर आधी ड्रिप बंद करा, पण कॅन्युला लगेच काढू नका. तिच्यातूनच सिरिंजने जेवढं येईल तेवढं ओढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.